रिकाम्या पंखांचा बिल्ला

मंडळानं दमयंतीताईंची शोकसभा घेतली, तिला मी मुकाट्यानं जाऊन मागच्या खुर्चीवर बसले होते. मंडळ म्हणजे आमच्या झाशीतल्या मराठी बायकांचं, गणपती आणि हळदीकुंकू यांच्या पलीकडे ज्याचं पाऊल सहसा पडत नाही ते. स्टेजवर ताईंचा फोटो, फोटोला हार आणि मागे भलामोठा फ्लेक्स. फ्लेक्सवर आमच्या शाळकरी वयातल्या मुलींच्या पथकाचा आकाश-बिल्ला छापलेला होता, निळा गोल आणि त्यात दोन पंख. पंख सोनेरी, अगदी भरगच्च, शालूच्या पदरावर असावेत तसे.

माझं टाळकंच सटकलं. शेजारच्या बाईंना म्हटलं, "अहो, ते पंख रिकामे होते."

"जाऊ द्या ना जी," त्या म्हणाल्या, "फ्लेक्सवाल्या भैयाला काय ठाऊक!"

भैयाला नाही ठाऊक, कबूल. पण स्टेजवर ज्या बसल्या होत्या त्यांना होतं ना! त्यांतल्या निम्म्या माझ्याबरोबर त्या पथकात होत्या, आणि उरलेल्या निम्म्यांच्या आया-सासवा ताईंना 'विमानबाई' म्हणून तोंडाला पदर लावून हसायच्या. अध्यक्षीणबाई माईकवर म्हणाल्या, "ताईंनी आमच्या मुलींना आकाशाचं स्वप्न दिलं." स्वप्न! ताईंनी या शब्दाला दारातूनच वाटेला लावलं असतं. त्यांनी आम्हाला कामट्या, खळ, पतंगाचा कागद आणि डोक्यावर टपल्या दिल्या होत्या. मी चहा न घेता घरी आले.

ताई मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. राहायच्या लक्ष्मी गेटच्या आत, भाऊ-भावजयीच्या घरी, माडीवरच्या एका खोलीत. जुन्या मराठी घराण्यातल्या. आम्ही रेल्वे कॉलनीतल्या मुली नागपूर-भुसावळकडून बदलून आलेल्या बापांच्या, आमच्या मराठीत 'अरे यार' आणि 'चल हट' पेरलेलं. ताई मात्र ओसरीला 'सोपा' आणि शर्टाला 'आंगरखा' म्हणायच्या. उंच, किडकिडीत, कंबरेला नाडीनं बांधलेली लहानशी कातरी, आणि बोटातलं अंगुस्तान काढायला दिवसभर विसरायच्या. टपली मारायच्या तीही त्याच बोटानं. अजून टाळूवर जाणवते मला.

लग्न केलेलं नव्हतं. का नाही, ते कुणी विचारायचं धाडस केलं नाही. भावजय विचारायची, पण तिला उत्तर नको असायचं.

पथक भरायचं शनिवारी, रेल्वेच्या मैदानावर. कुठून कुठून मुली यायच्या. निळा रुमाल, पांढरा सदरा, आणि बाहीवर बिल्ले. बिल्ल्यांचं पुस्तक वरच्या कार्यालयातून यायचं. स्वयंपाकाचा बिल्ला, शुश्रूषेचा, धुलाईचा, बाळ सांभाळण्याचा. धुलाईचाही बिल्ला! म्हणजे घरी फुकट करायचं ते इथं बाहीवर लावून करायचं. आमच्या आया खूश होत्या. त्या पुस्तकात अगदी शेवटी विमानाचा आणि आकाशाचा बिल्ला होता. तो आजवर कुणी घेतलेला नव्हता, कारण तो शिकवायला कुणी तयारच नसायचं. शिवणाच्या बाईंनी हात वर केला तेव्हा कार्यालयातले लोक हसले म्हणे.

त्यामागची गोष्ट ताईंनी एकदाच सांगितली, काजं करता करता. त्या लहान असताना एरचला मामांकडे गेल्या होत्या. एक छोटं विमान बिघडून बेतवा नदीच्या वाळूत उतरलं. अख्खं गाव धावलं. बायकांनी नारळ-कुंकू आणलं, पंखाला हळद लावली. वैमानिक गोरा होता, हसऱ्या तोंडाचा. त्यानं एकेक पोरगा उचलून आत बसवला, दांडी हातात दिली. ताईंचा धाकटा भाऊ बसला. ताई रांगेत उभ्या राहिल्या, तर मामा म्हणाले, "तू कुठं निघालीस? वेणी अडकेल पंख्यात." पंखा बंद होता. ताई म्हणाल्या, "मी तिथंच वेणी धरून उभी होते, कापायला कुणाकडे कातरी असती तर कापली असती." मग दोरा दातानं तोडून म्हणाल्या, "भाऊ आत बसून रडला. मोठ्यानं. मला अजून राग येतो."

त्यांनी बिल्ला स्वतः शिवायला घेतला. निळ्या कापडाचा गोल, त्यावर पांढऱ्या साखळी टाक्यानं दोन पंखांची नुसती कड. आत रिकामं. आम्ही विचारलं, "ताई, भरायचं राहिलं का?"

"राहिलं नाही, ठेवलंय," त्या म्हणाल्या. "परीक्षा सगळ्या द्या, गोल मिळेल. पंख ज्यानं त्यानं आपल्या हातानं भरायचे, वर जाऊन आल्यावर. आणि वर जायचं म्हणजे बसून नाही. दांडी आपल्या हातात पाहिजे."

त्यांच्या स्वतःच्या बाहीवरही तसलाच बिल्ला होता, रिकामा. एका आगाऊ पोरीनं त्यावर बोट ठेवलं, तर म्हणाल्या, "मग? मी कुठं गेल्ये वर? खोटं कशाला लावू?"

अशी बाई. कुणी बढाई मारू लागलं की विचारायच्या, "पाय कुठं आहेत तुझे?" मुलगी खाली बघून म्हणायची, "जमिनीवर, ताई." "मग गप बैस." सगळं जग पोरींना पाय जमिनीवर ठेवा म्हणून सांगत होतं, आणि ही बाई त्याचीच लाज वाटायला लावत होती.

वारा त्यांनी आम्हाला इंजिनांच्या धुरावर शिकवला. तेव्हा कोळशाची इंजिनं होती, शेडवर कायम धूर. आमच्या आया त्या धुराला शिव्या घालायच्या, वाळत घातलेले कपडे काळे व्हायचे म्हणून. ताई म्हणायच्या, "बघा, खाली धूर उगवतीला चाललाय आणि वर गेल्यावर मोडून मावळतीला. म्हणजे वर दुसरा वारा आहे. खालून कळलं का? नाही. वर बघितल्याशिवाय वरचं कळत नाही." माणूस चंद्रावर जाऊन आला तेव्हा सगळे त्या माणसाबद्दल बोलत होते, आणि ताई विचारत होत्या, "त्याचा आंगरखा कुणी शिवला असेल गं? एक टाका सुटला तर जीव जायचा. बायकाच असणार." आम्ही हसलो. त्या हसल्या नाहीत. त्या दिवशी दुहेरी शिवण पुन्हा उसवून पुन्हा घालायला लावली.

समथरच्या जत्रेत आम्हाला नेलं ते बांगड्या घ्यायला नव्हे. लाकडी रहाट-पाळण्यात एकेकीला डोळे बांधून बसवलं. डोळे बांधलेले, पाळणा फिरतोय, आणि ओरडून सांगायचं, आता वर चाललेय की खाली. मी उलटी केली. दुसरीनं रामनाम घेतलं. पाळणावाला म्हणाला, "बहनजी, पगला गईं का? मोड़ी खों मार डारहो!" म्हणजे पोरीला मारून टाकाल. ताईंनी त्याला एक फेरी फुकट बसायला सांगितलं.

आणि कुंदा पेंडसे. ती बसली, डोळे बांधले, आणि पाळणा हलायच्या आधी म्हणाली, "आता वर." पाळणा वर गेला. "आता थांबतोय. आता खाली." एकदाही चुकली नाही. उतरल्यावर ताईंनी विचारलं, "कशावरून?" कुंदा म्हणाली, "पोटाला पहले कळतं ना, ताई." त्या दिवशी ताईंनी तिला टपली मारली नाही. परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी बसल्या. आम्ही सगळ्या ओळखून चुकलो की ताईंना सापडली.

कुंदाचे वडील मालगाडीवर गार्ड होते. शांत माणूस. डब्यात एकटं बसायची सवय, त्यामुळे घरात बोलायचं विसरले होते. आई बोलायची दोघांचं. कुंदाचं ग्लायडर आमच्या सगळ्यांपेक्षा दूर जायचं. कामट्या आम्ही घासायचो तशाच ती घासायची, पण सोडताना ती वाट बघायची. धूर बघायची, पदर हलतो का बघायची, मग अलगद हात सोडायची. आमचं ग्लायडर नाक खुपसायचं, तिचं मैदान ओलांडून साहेबांच्या बंगल्याच्या कुंपणात.

इंटर झाल्यावर ताईंनी तिचं नाव कानपूरला ग्लायडर-शिक्षणाच्या शिबिराला धाडलं. तिथं तपासणीला स्वतः घेऊन गेल्या. कुंदा निवडली गेली. ताई परत आल्या त्या आमच्या घरावरून गेल्या, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, त्या गुणगुणत होत्या. दमयंतीताई! आईनं मला विचारलं, "या विमानबाईंना काय झालं?"

पेंडसेकाका हो म्हणाले होते. लिहून, सही करून. काकू रडल्या, पण त्यांचं रडणं रोजचं होतं. ताई त्यांना म्हणाल्या, "एकदा, वहिनी. एकदा हिला वर जाऊ द्या. मग काय करायचं ते करा."

मग ग्वाल्हेरचं स्थळ आलं. मुलगा सरकारी नोकरीत, हुंडा नको, पत्रिका जमली. आणि आता ऐका, मुलाच्या आईला बाकी काही नाही, तो बिल्लाच आवडला. "आमच्या घरात आकाशवाली सून येणार," असं म्हणाली म्हणे. बघायच्या कार्यक्रमात कुंदाला पोह्यांच्या बशीबरोबर बिल्ला लावलेला सदरा दाखवायला लावला. तिला विचारलं, विमान कसं उडतं. तिनं सांगितलं. सासरे टाळी वाजवून म्हणाले, "वा, वा, हुशार आहे." पोरगी पसंत पडली. मुहूर्त निघाला तो नेमका शिबिराच्या आठवड्यातला. पुढचा मुहूर्त सहा महिन्यांनी होता, आणि तेवढं थांबायची मुलाकडची तयारी नव्हती.

ताई पेंडशांकडे गेल्या. मी तेव्हा तिथंच होते, कुंदाच्या साड्यांना फॉल लावायला बसलेली. ताई उंबऱ्यातच उभ्या राहिल्या.

काकू म्हणाल्या, "ताई, तुमचे उपकार कसे फेडू? तुमच्या बिल्ल्यानं पोरीचं सोनं झालं हो."

ताईंचं तोंड असं झालं की मी सुई बोटात टोचून घेतली. त्या काकांना म्हणाल्या, "तुम्ही सही केली होतीत."

काका म्हणाले, "केली होती." बस. कुंदा आतल्या दारात उभी होती. ताईंनी तिच्याकडे बघून विचारलं, "तू काय म्हणतेस गं?" कुंदानं आईकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं, आणि मग पायांकडे पाहिलं. अठराव्या वर्षी आमच्यातल्या कुणी दुसरं काय केलं असतं? मला आजही तिचा राग येत नाही. बाकीच्यांचा येतो.

काकूच म्हणाल्या, "लग्नानंतर शिकेल की. माणसं चांगली आहेत."

लग्न झाशीतच झालं, रेल्वेच्या हॉलमध्ये. ताई येतील असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या आल्या, इस्त्रीची साडी नेसून, हातात खणाची ओटी. कंबरेला कातरी होतीच.

रुखवत मांडलं होतं स्टेजच्या बाजूला. साखरेचं तुळशीवृंदावन, मण्यांची रांगोळी, पाच प्रकारचे लाडू, विणलेले रुमाल. आणि मधोमध, मानाच्या जागी, कुंदाचं ग्लायडर. त्याच्या पंखांना काकूंनी टिकल्या आणि गोटा लावला होता. नाकाला लाल लोकरीचा गोंडा. त्याच्यापुढं मखमली गादीवर तो बिल्ला.

बायका वाकून वाकून बघत होत्या. "किती हुन्नरी पोरगी आहे बाई!" ताई पुढं झाल्या. ग्लायडरकडे पाहिलं. मग बिल्ला उचलला.

पंख भरलेले होते. रेशमानं, वर जरीची तार. काम उत्तम होतं, खोटं कशाला बोलू. नागपूरच्या मावशीनं केलं होतं. ती कौतुकानं पुढं आली आणि म्हणाली, "अहो, कडेला टाके घालून मधलं तसंच सोडून दिलं होतं पोरीनं. अर्धवट वस्तू रुखवतात कशी मांडायची? लोक म्हणतील, मुलगी कामं अर्धी टाकते. मीच रात्रंदिवस बसून भरलं."

तिला काय माहीत हो! तिनं मायेनंच केलं. आणि काकूंना माहीत होतं, पण काकूंना वाटलं असणार, आता काय फरक पडतो.

ताई तिथंच सतरंजीवर बसल्या. कातरीची नाडी ओढली, टोक रेशमाखाली सारलं आणि उसवायला लागल्या. पहिल्यांदा बायकांना वाटलं, शिवणाच्या बाई आहेत, काही नीट करत असतील. मावशी तर म्हणाली, "काही चुकलंय का?" ताई म्हणाल्या, "हो." आणि टाका टाका काढत राहिल्या. मांडीवर जरीच्या तारेचा गुंता जमला. एक पंख रिकामा झाला.

तेव्हा काकू धावत आल्या. "ताई! शुभकार्यात कातर? मांडवात उसवताय?"

"खोटं आहे हे," ताई म्हणाल्या. "वर गेलेली नाही ती."

काय कल्लोळ झाला म्हणून सांगू! ग्वाल्हेरच्या विहीणबाई विचारायला लागल्या, ही बाई कोण, हिचं डोकं ठिकाणावर आहे ना. कुणीतरी म्हणालं, स्वतःचं झालं नाही म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही. हे वाक्य ताईंच्या पाठीमागं नाही, तोंडावर म्हटलं गेलं, आणि म्हणणारी बाई शोकसभेत स्टेजवर होती. कुंदा बाशिंग बांधून बसली होती. ती उठली नाही, तिला उठता येत नव्हतं, पण ती बघत होती.

पेंडसेकाका आले. ताईंच्या हातातून बिल्ला घेतला, एक पंख भरलेला आणि एक रिकामा, आणि खाली बघत म्हणाले, "चला ताई. गाडी सुटली आता." आणि त्यांना दारापर्यंत सोडून आले.

त्यानंतर काय, एकेकीच्या आईनं मुलगी काढून घेतली. ज्या बाईचा हात मांडवात उसवतो, तिच्या हाताखाली पोर कशी ठेवायची? आकाश-बिल्ला बंद झाला. ठराव वगैरे काही नाही, शनिवारी मैदानावर कुणी गेलंच नाही. ताई मात्र येत राहिल्या. मी कॉलेजातून येताना बघायची. मैदानाच्या कडेला हात पाठीमागं बांधून उभ्या, धूर बघत. नंतर डिझेलची इंजिनं आली आणि धूरही गेला. शाळेत त्या निवृत्तीपर्यंत काजं शिकवत होत्या. विमान वरून गेलं की काज अर्धं टाकून खिडकीशी जायच्या, एवढंच.

मी इथंच राहिले, इथंच नोकरी केली, त्यामुळे महिन्यातून एकदा जाऊन यायची. ताई उतारवयात अधिकच कडवट झाल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि ऑपरेशन करायला नको म्हणत होत्या. "बघायचं काय राहिलंय?" भाच्याची सून वर जेवणाचं ताट आणून ठेवायची आणि न बोलता जायची.

ताई जायच्या आधीच्या हिवाळ्यात कुंदा झाशीला आली. केस पांढरे, गुडघे दुखरे, अंगावर चांगली शाल. मला म्हणाली, "चलतेस का ताईंकडे? एकटीला भीती वाटते." एवढ्या वर्षांत ती एकदाही गेली नव्हती. आम्ही लक्ष्मी गेटच्या गर्दीतून, रिक्षा आत शिरेना म्हणून पायी गेलो. जिना चढताना दोनदा थांबली.

ताई खिडकीपाशी बसल्या होत्या. मी म्हटलं, "ताई, कुंदा आलीय. पेंडशांची." त्यांनी मान वळवली, पण कुठं बघायचं ते त्यांना कळेना.

कुंदा खाली बसली. एकदम लहान पोरीसारखी बोलायला लागली. "ताई, मी विमानात बसले. मुलगा बंगलोरला असतो ना, त्यानं तिकीट धाडलं. यांच्या पश्चात पहिल्यांदाच एकटी गेले. ताई, खरंच पोटाला आधी कळतं! उठायच्या आधी कळलं मला. आणि चालवणारी बाई होती ताई! माईकवर बोलली. बाईच होती."

ताईंनी तोंड तिच्या आवाजाकडे वळवलं. मग म्हणाल्या, "कुणाची होती?"

"काय माहीत. नाव नाही ऐकू आलं नीट."

"असेल कुणाची तरी," ताई म्हणाल्या. "कुणीतरी जाऊ दिलं असेल."

कुंदानं पर्स उघडली. रुमालात गुंडाळलेला बिल्ला काढला. निळा गोल विटून राखाडी झाला होता. एका पंखात जरी काळी पडलेली, दुसरा मोकळा. तिनं तो ताईंच्या हातात ठेवला, सोबत पांढऱ्या दोऱ्याचं नवं रीळ आणि सुई. म्हणाली, "ताई, दुसरा पंख भरू का आता?"

ताईंनी अंगठा फिरवला. भरलेल्यावरून, रिकाम्यावरून. मला वाटलं, आता रडतील. मला वाटलं, म्हणतील भर बाई, भर.

"पाय कुठं होते तुझे?" त्यांनी विचारलं.

"वर, ताई. ढगांच्या वर." कुंदाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आणि हात?"

कुंदानं आपल्या तळव्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "मांडीवर."

"मग गप बैस," ताई म्हणाल्या.

त्यांनी कंबर चाचपली. कातरी तिथंच होती, नाडी नवी होती. त्यांना दिसत नव्हतं, त्यांनी नखानं जरीचं टोक शोधलं आणि कातरीचं टोक खाली सारलं. कापड सारखं सुरकुतत होतं, तेव्हा कुंदानं पुढं सरकून दोन्ही हातांनी ते ताणून धरलं. खाली बाजारात कुणी भाजी विकत होतं. दोघींपैकी कुणी मान वर केली नाही. शेवटची तार निघाली, तशी ताईंनी पुन्हा अंगठा फिरवला, दोन्ही पंखांवरून.

"आता बरोबर आहे," त्या म्हणाल्या, आणि बिल्ला कुंदाला परत दिला.